धडधाकट आईची व्हीलचेअर

बचतरावांच्या घरी त्या संध्याकाळी जेवणं लांबली, कारण जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी लॅपटॉप मांडला होता आणि विमानाची तिकिटं काढायचं काम सुरू होतं. बचतराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पाणीपुरवठा कार्यालयातल्या मंडळींनी ते त्यांना बहाल केलं होतं आणि त्यांनीही ते पदवीसारखं मिरवलं होतं. आलेली पाकिटं उलटी चिकटवून पुन्हा वापरणारा, साबणाची उरलेली चिप नव्या वडीला जोडणारा असा हा माणूस. पण लबाड म्हणावा असा नव्हता. निदान त्या संध्याकाळपर्यंत तरी नव्हता.

तिकीट मात्र लबाड निघालं. विमान कंपनी अतिस्वस्त. जाहिरातीतला आकडा असा की बसवाल्यांनी लाजून तोंड लपवावं. बचतरावांनी हरखून तिघांची नावं भरली आणि मग पडद्यावर चौकोन यायला लागले. खिडकीजवळ बसायचंय? पैसे. तिघांना शेजारी शेजारी बसायचंय? पैसे. बॅग न्यायचीय? तिचे तर असे पैसे की बॅग घरी ठेवून नवे कपडे घ्यावेत. रांगेत पुढे उभं राहायचंय? त्याचेही पैसे.

"श्वास घ्यायचे लावलेत का बघा," बायको भांड्यांवर झाकणं ठेवत म्हणाली. "खाली बारीक अक्षरांत असतील."

"चेष्टा करू नकोस. इथे माणूस लुटला जातोय."

"मग नका ना जाऊ विमानाने."

पण जायचं तर होतंच. बचतरावांच्या आईने ज्येष्ठांच्या चालण्याच्या शर्यतीत नाव दिलं होतं आणि शर्यत होती देशाच्या दुसऱ्या टोकाला. आई म्हणजे मुलींच्या शाळेतली निवृत्त खेळशिक्षिका. सत्तरी ओलांडली होती, पण जिना चढताना मुलालाच म्हणायची, "दमलास का रे? थांबू का तुझ्यासाठी?" वर्षभर ती पहाटे उठून कोपरं हलवत, टाच आधी टेकवत गल्ली पालथी घालत होती. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या मुलींना शर्यतींना नेलं, घाम पुसला, पाणी पाजलं. स्वतः मात्र एकदाही शर्यतीत उतरली नव्हती. ही पहिली, आणि बहुधा शेवटची. ती चुकली असती तर आई काही बोलली नसती, आणि तेच बचतरावांना सहन झालं नसतं.

तेवढ्यात पडद्यावर शेवटचा चौकोन आला. 'व्हीलचेअर हवी आहे का?' आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, विनामूल्य.

बचतरावांचा हात थबकला. त्यांना कचेरीतले शेजारच्या टेबलावरचे मुकादम आठवले. मुकादमांनी डबा खाता खाता गुपित फोडलं होतं. "सासऱ्यांना बसवतो खुर्चीत. झकास! रांग नाही, तपासणीत खोळंबा नाही, सगळ्यांच्या आधी विमानात. खुर्चीतल्या माणसाच्या मांडीवरची बॅग कोणी मोजत नाही. शाल टाकायची वरून!"

बचतरावांनी चौकोनावर टिचकी मारली आणि मग आईला सांगायला गेले. आई नुकतीच फेरफटका संपवून बुटांच्या नाड्या सोडत होती.

"मी? खुर्चीत?" आईने मान वर केली. "मला काय धाड भरलीय?"

"तसं नाही गं. परवा शर्यत. पाय जपून ठेवायला नकोत का? विमानतळावर उभं राहायचं, ताटकळायचं, आणि दुसऱ्या दिवशी पायात गोळे आले म्हणजे?"

"अहो, पाय म्हणजे काय बॅटरी आहे का, जपून ठेवायला?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

आईने बराच वेळ नाडीशी चाळा केला. पायात गोळे येण्याचं भय तिला खरोखरच होतं, आणि बचतरावांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. "कोणाचं काही जाणार नाही ना त्यात?" तिने विचारलं.

"कोणाचं काय जाणार? खुर्ची तर तिथे पडूनच असते!"

आई बूट उचलून आत गेली. बचतरावांनी ती संमती मानली.

विमानतळ म्हणजे शहराबाहेरचा एक लांबट हॉल होता. आठवड्यातून मोजकीच विमानं येत. बाकीच्या दिवशी तिथे शिपाई सायकल शिकत असावेत, इतका तो रिकामा दिसायचा. आज मात्र गजबजला होता. प्रत्येक जण आपापल्या परीने कंपनीवर मात करायला निघाला होता. एका गृहस्थांनी एकावर एक तीन कोट चढवले होते आणि ते घामाने निथळत होते. एक बाई पिशवी मापायच्या लोखंडी चौकटीत आपली पिशवी कोंबून वर बसली होती. काउंटरवर निळ्या जाकिटातली एक बाई होती. तिने सामान तपासलं, पास दिले, मग तीच माइकपाशी जाऊन "प्रवाशांनी काउंटरवर यावं" असं म्हणाली आणि धावत पुन्हा काउंटरवर येऊन उभी राहिली. अतिस्वस्त कंपनीने माणसंही हातचं राखूनच नेमली होती.

"व्हीलचेअरची नोंद आहे आमची," बचतराव खालच्या आवाजात म्हणाले. "आईसाठी."

निळ्या जाकिटातल्या बाईने काउंटरपलीकडे वाकून पाहिलं. आई ताठ उभी होती. इतकी ताठ की तिला पाहून रांगेतल्या दोघातिघांनी आपसूक पाठी ताठ केल्या.

"गुडघे," बचतराव घाईने म्हणाले. "उभी राहते, पण चालवत नाही."

"हो का, आजी?"

"हो!" आई कवायतीच्या मैदानावर देतात तसा खणखणीत आवाज काढून म्हणाली. अर्धा हॉल वळून पाहू लागला.

"कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलते," बचतरावांनी सारवासारव केली. खोटं एकदा बोललं की थांबता येत नाही, असा त्यांना अनुभव नव्हता. तो आता येत होता. "शिवाय चक्कर येते. कंबरही धरलीय. डॉक्टर म्हणाले, एक पाऊलही टाकू देऊ नका."

बायकोने छताकडे पाहिलं.

एका मदतनिसाने खुर्ची आणून दिली आणि तो दुसऱ्या कामाला पळाला. आई बसली. बचतरावांनी तिच्या मांडीवर मोठी बॅग ठेवली, बॅगेवर छोटी, त्यावर शाल. शालीवरून फक्त आईचं तोंड दिसत होतं आणि खालून तिचे नवेकोरे, हिरव्या पट्ट्यांचे पळायचे बूट. बूट झाकायला शाल पुरली नाही.

मुकादम म्हणाले होते तसंच झालं. रांग दुभंगली. तपासणीतल्या माणसाने हसून वाट दिली. बचतराव खुर्चीच्या मुठीवर हात ठेवून मागून चालत होते आणि लोक त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होते. एका म्हातारबाबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आजकाल कोण करतं आईबापांचं! धन्य आहेस बाबा!" चौकटीवर बसलेल्या बाईने गुडघ्यांसाठी कसल्याशा तेलाचं नाव सांगितलं आणि बचतरावांनी ते मन लावून लिहूनही घेतलं. गंमत अशी की त्यांना भरून आलं. हॉलच्या त्या टोकाला पोचेपर्यंत आपण खरंच आजारी आईची सेवा करतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं होतं.

"आई, मान जरा टाक ना," ते पुटपुटले.

"मान टाकायला मी काय कोंबडी आहे?" शालीतून आवाज आला. "आणि ही बॅग पोटात रुततेय. यापेक्षा चालले असते तर बरं."

विमानाकडे जायच्या दारापाशी त्यांना सगळ्यांच्या पुढे उभं केलं. काचेपलीकडे मोकळं मैदान आणि पार लांब, उन्हात, विमान. तिथपर्यंत बस नव्हती. कंपनीच्या मते प्रवाशांना देवाने पाय दिले होते.

तेव्हाच हॉलच्या मागच्या बाजूने एक विचित्र वरात आली. सामान वाहायची गाडी, तिच्यावर दोन बॅगा आणि बॅगांवर बसलेले एक वयस्क गृहस्थ. त्यांचा एक पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये, पुढे तोफेसारखा काढलेला. गाडी ढकलत होता खुर्चीवाला मदतनीसच, आणि गृहस्थ त्याला सूचना देत होते. "डावीकडे घे. सावकाश. वळताना आधी बघ, मग वळ! असा वळलास तर परीक्षेत नापास करेन तुला."

ते मोटार चालवायला शिकवणारे मास्तर होते, हे सगळ्यांना लगेच कळलं, कारण त्यांनीच ते सांगितलं. "हजारो माणसांना गाडी शिकवली, एकाचं हाड मोडलं नाही. आणि काल बॅग काढायला माळ्यावर हात घातला आणि स्टुलावरून पडलो. स्टुलाला ब्रेक नसतो हो!"

लोक हसले. मास्तरही हसले. पण निळ्या जाकिटातली बाई हसली नाही.

"काका, ही गाडी मैदानात नेता येत नाही," ती म्हणाली. "नियम आहे. तुम्हाला खुर्चीच लागेल."

"मग द्या की."

"एकच आहे. दुसरी दुरुस्तीला गेलीय." तिने आईकडे पाहिलं. "ती या आजींची आहे. त्यांनी आधी नोंद केली होती."

"माझा पाय कालच मोडला हो. आधी ठरवून कसा मोडू?"

"आजींना सोडून खुर्ची परत येईपर्यंत मी दार उघडं ठेवू शकत नाही. विमान उशिरा सुटलं तर मला जबाब द्यावा लागतो." ती खरोखर कळवळली होती. "तुम्हाला परवाच्या विमानात बसवते. बदलीचे पैसे घेणार नाही."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "परवा काय उपयोग?" ते म्हणाले. "माझी बायको तिकडे दवाखान्यात आहे. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन आहे. मुलीकडे गेली होती, तिथेच दुखणं निघालं. ती घाबरट आहे हो. इंजेक्शन घ्यायचं म्हटलं तरी माझा हात धरते." त्यांनी प्लॅस्टरवरून हात फिरवला. "मी उडी मारत येतो. एका पायावर येतो. कुबडी आहे माझ्याकडे."

"आणि पडलात तर, काका?"

मास्तरांनी कुबडीकडे पाहिलं. सामानाच्या गाडीवर बॅगांच्या ढिगात ते तसेच बसून राहिले.

 खुर्ची पडूनच असते, असं बचतराव म्हणाले होते. ती पडून नव्हती. शालीखाली आईचे पाय हलायला लागले. बचतरावांनी झटकन तिच्या खांद्यावर हात दाबला.

"आई, नको," ते कानात म्हणाले. "खोटी नोंद केली म्हणून आपल्याला उतरवतील. उद्याची शर्यत जाईल तुझी. वर्षभर राबलीस त्यासाठी!"

"माहीत आहे मला," आई तितक्याच हळू म्हणाली.

"मग बस ना. त्या काकांचं काहीतरी होईल. कोणीतरी करेल काहीतरी."

"कोण करेल? खुर्ची आपल्या बुडाखाली आहे."

बचतरावांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला.

"ऐक," आई म्हणाली. "खेळात फाउल झाला की मी मुलींना काय करायला लावायची? हात वर करायचा. पंचाने पाहिलं नसलं तरी. समोरच्या संघाने ओरडा केला नसला तरी. ज्याने फाउल केला त्याने. मी आत्ता उठले तर लोक म्हणतील, म्हातारीला दया आली. पण दया कसली? खुर्ची घेतली तू. बसले मी, माझंही चुकलंच, आणि त्याची शिक्षा म्हणून शर्यत गेली तर जाऊ दे. पण हात तुला वर करायचाय. मी उठायच्या आधी."

"आणि तुझी शर्यत?"

"त्या माणसाची बायको उद्या कोणाचा हात धरेल ते सांग, मग शर्यतीचं बोलू."

पन्नाशीला टेकलेला माणूस, पाणीपुरवठा कार्यालयातला हेडक्लार्क, पण त्या क्षणी बचतरावांना आपण शाळेच्या अर्ध्या चड्डीत उभे आहोत असं वाटलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं; ती त्यांच्याकडेच पाहत होती आणि एकही विनोद करत नव्हती, हे जास्त वाईट होतं. आणि मग बचतरावांनी, भर हॉलमध्ये, शाळेतल्या मुलासारखा सरळ हात वर केला!

"काय झालं? बाथरूम?" निळ्या जाकिटातल्या बाईने विचारलं.

"माझी आई चालू शकते!" बचतराव ओरडले. "तिला काहीही झालेलं नाही! ही खुर्ची काकांना द्या!"

 आता सगळे आपल्याला फाडून खाणार, म्हणून बचतरावांनी डोळे मिटले. पण झालं भलतंच.

"वा!" तीन कोटवाले गृहस्थ गहिवरून म्हणाले. "काय त्याग आहे! स्वतःची आई आजारी असताना दुसऱ्याला खुर्ची!"

"त्याग कसला?" चौकटीवाली बाई कडाडली. "त्या माउलीला चालवणार का आता उन्हातून? गुडघे गेलेत तिचे! लाज नाही वाटत?"

"अहो, नाही गेलेत गुडघे!"

"तुम्हीच सांगितलंत मघाशी. तेल लिहून घेतलंत माझ्याकडून!"

मघाचे म्हातारबाबा पुढे आले. "बेटा, भावनेच्या भरात असं करू नये. आईला चक्कर येते ना?"

"नाही येत! मी खोटं बोललो!"

"बघा, बिचारा काय काय अंगावर घेतोय," तीन कोटवाल्यांनी डोळे पुसले. कोटांच्या बाह्या जाड असल्याने त्यांना ते नीट जमलं नाही.

खोटं बोलले तेव्हा बचतरावांवर सगळ्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला होता, आणि आता खरं बोलत होते तर एक माणूस ऐकायला तयार नव्हता! त्यांनी निळ्या जाकिटातल्या बाईकडे धाव घेतली. तिनेही मान हलवली. "डॉक्टरांनी एक पाऊलही टाकू नका सांगितलंय म्हणालात. मी त्यांना चालू देऊन उद्या काही झालं तर? खुर्चीतला प्रवासी चालत पाठवायचा मला अधिकार नाही."

"सरका सगळे," शालीतून आवाज आला.

आईने शाल काढली. छोटी बॅग सुनेच्या हातात दिली, मोठी मुलाच्या छातीवर आदळली आणि ती उठली. अंगात शर्यतीचा निळा पोशाख होता. तिने दोनदा टाचा उचलून पाहिल्या, कोपरं काटकोनात आणली आणि निघाली. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! टाच, चवडा, टाच, चवडा, कंबर डावी-उजवी आणि मान सरळ. वाटेतल्या लोकांनी पाय आखडून घेतले. शिपाई भिंतीला चिकटला. पलीकडच्या टोकाला ती गर्रकन वळली आणि त्याच वेगाने परत आली. निळ्या जाकिटातल्या बाईपुढे येऊन थांबली तेव्हा तिला साधी धापही लागली नव्हती.

"अजून एक फेरी मारू?" तिने विचारलं.

"चमत्कार!" म्हातारबाबा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

"चमत्कार नाही," आई त्यांना म्हणाली. "लबाडी होती. हात खाली करा."

आता मात्र सगळ्यांना कळलं. ज्या नजरा मघाशी कौतुकाने पाहत होत्या त्याच आता बचतरावांना सोलून काढत होत्या. म्हातारबाबांनी मघाशी मारलेली थाप परत घेता येत नाही म्हणून तोंड फिरवलं. बचतरावांचे कान तापले. त्यांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं, पण अतिस्वस्त कंपनीने त्याचेही पैसे लावले असते.

निळ्या जाकिटातली बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्हाला तिघांनाही मी इथेच थांबवू शकते. माहीत आहे?"

"माहीत आहे," बचतराव म्हणाले. "मला थांबवा. खोटं मी बोललो, चौकोनही मीच दाबला. आई आणि ही जाऊ देत. आईची उद्या शर्यत आहे. मी बसने घरी जातो."

त्यांच्या तोंडून हे निघालं तेव्हा त्यांच्या बायकोला सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं. तिकीट फुकट जाऊ द्यायला हा माणूस स्वतःहून तयार झाला होता! तिने पुढे होऊन त्यांच्या हातातली बॅग एका बाजूने धरली. "हे राहिले तर मीही राहते," ती म्हणाली. "पण सासूबाईंना जाऊ द्या."

निळ्या जाकिटातल्या बाईने विमानाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "माझ्याकडे आज भांडायलाही माणूस नाही," ती म्हणाली. "मदतनीस सामान चढवायला हवाय मला. मोठ्या बॅगेचे पैसे भरा. आणि काकांची खुर्ची तुम्ही ढकला. विमानापर्यंत. आणि जिन्यावरून वरही."

बचतरावांनी बॅगेचे पैसे भरले. किती, ते इथे सांगत नाही; त्यांच्या तोंडूनही पुन्हा कधी निघालं नाही. मग त्यांनी मास्तरांना हात देऊन खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उन्हात बाहेर काढली.

"क्लच सावकाश सोडा," मास्तर म्हणाले. "हां. आता सरळ. खड्डा आहे पुढे, खड्डा! आरसा नाही म्हणून काय झालं, मान तर आहे ना?"

बचतराव निमूटपणे सूचना पाळत राहिले. त्यांच्या पुढे आई कोपरं हलवत विमानाकडे चालली होती आणि मागून बायको सामान सावरत येत होती. विमानाच्या जिन्याशी बचतरावांनी आणि मदतनिसाने खुर्ची दोन्ही बाजूंनी उचलली. मास्तर वजनाने चांगलेच भरभक्कम होते. दर पायरीला बचतरावांना वाटे, आता संपलो. तरी त्यांनी खुर्ची हलू दिली नाही, आणि वर पोचल्यावर त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

जागा अर्थातच विखुरलेल्या होत्या. आई मागे, बायको पुढे आणि बचतराव नेमके मास्तरांशेजारी. दारं बंद व्हायच्या आधी मास्तरांनी बायकोला फोन लावला.

"बसलो बघ विमानात," ते म्हणाले. "हो, हो, पायासकट. येतोय मी. रडतेस काय? अगं, खुर्ची मिळाली. एका भल्या माणसाने दिली."

"काका," बचतराव मधेच म्हणाले.  "असं नका सांगू. खुर्ची तुमचीच होती. मी ती अडवून बसलो होतो, असं सांगा."

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट वळून पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, "तो म्हणतो, भला माणूस नाही म्हणे, खुर्ची त्यानेच अडवली होती." पलीकडचं ऐकता ऐकता ते खदखदून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "ती म्हणते, चूक कबूल करणारा पुरुष तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. तुम्हाला उद्या दवाखान्यात घेऊन ये म्हणतेय. बघायचंय म्हणे तिला, दिसतो कसा!"

दुसऱ्या दिवशी आईची शर्यत झाली. तिच्या गटात चौघी होत्या, त्यांत ती तिसरी आली आणि चौथीला वाटेत उचकी लागली होती, हे प्रामाणिकपणे तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. दुपारी गळ्यातली फीत न काढता ती दवाखान्यात गेली, सोबत मुलगा आणि सून. मास्तरांची बायको शुद्धीवर येत होती. तिचा एक हात मास्तरांच्या हातात होता. मास्तर प्लॅस्टरचा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून बसले होते आणि हात सोडायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी पाहुण्यांना बसा असं नुसत्या मानेनेच सांगितलं. बचतराव बसले नाहीत. भिंतीशी उभे राहून ते त्या दोन हातांकडे पाहत राहिले.

"हा हात आज रिकामा राहिला असता, आई," ते शेवटी म्हणाले. "माझ्यामुळे. आणि काका दारापाशी जरा उशिरा आले असते, तर मला कधी कळलंही नसतं."

वाचकहो, यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. आपण सगळेच थोडेफार बचतराव आहोत. बसमधली राखीव जागा, दवाखान्यातली वेगळी रांग, गरजूंसाठी ठेवलेली सवलत. रिकामी दिसते, फुकट मिळते, म्हणून आपण घेतो आणि वर म्हणतो, कोणाचं काय गेलं? ज्याचं जातं तो आपल्याला दिसत नाही, एवढंच. तो मागे कुठेतरी दारात अडकलेला असतो आणि आपण पुढे निघून गेलेलो असतो. जे आपल्याला लागत नाही ते सोडणं म्हणजे कोणावर उपकार नव्हेत. ज्याचं आहे ते त्याच्यापर्यंत पोचू देणं आहे. धडधाकट पायांनी चालावं, आणि चुकून बसलोच तर कोणी पाहायच्या आधी आपणच हात वर करून उठावं!